प्रतिकृती : छंद की इतिहासलेखन? ('यामातो' या जपानी युद्धनौकेच्या संदर्भात एक अभ्यास)

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट, नाणी, वास्तू आणि मौखिक परंपरा यांचा निर्देश नेहमी केला जातो. लघुप्रमाणातील प्रतिकृतीचा समावेश मात्र या यादीत क्वचितच आढळतो. संग्रहालयाच्या काचपेटीत ठेवलेली शोभेची वस्तू किंवा फावल्या वेळेतील छंद अशीच तिची सर्वसाधारण ओळख आहे. आयता संच न वापरता लाकूड, पितळ व प्लास्टिकचा पत्रा यांसारख्या कच्च्या साहित्यातून एखादी युद्धनौका तपशिलांसह घडवण्याच्या कलेला छंदविश्वात 'स्क्रॅच-बिल्डिंग' असे म्हणतात. या कामात हस्तकौशल्याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच किंबहुना त्याहून अधिक महत्त्व साधनांच्या चिकित्सेला आहे.

लेखनात इतिहासकाराला एक सवलत असते. एखाद्या बाबीविषयी पुरावा नसेल, तर त्याविषयी मौन बाळगून तो पुढील परिच्छेदाकडे वळू शकतो. प्रतिकृतीकाराला ही सवलत नाही. नौकेचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर भरावाच लागतो. जेथे पुरावा नाही तेथेही काही ना काही बसवावे लागते, आणि जे बसवले जाते ते एक विधान ठरते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धातील 'यामातो' या जपानी युद्धनौकेच्या उदाहरणावरून या प्रक्रियेचे स्वरूप, तिची साधने आणि तिच्या मर्यादा यांचा विचार करण्याचे योजिले आहे.

नौका-प्रतिकृतींची पूर्वपीठिका

नौदलाच्या इतिहासात प्रतिकृतीचे स्थान जुने आहे. सतराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये युद्धनौकांच्या प्रमाणबद्ध लाकडी प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांपैकी अनेकींचा खालचा भाग फळ्यांनी न झाकता बरगड्या मुद्दाम उघड्या ठेवलेल्या दिसतात. एकोणिसाव्या शतकात प्रतिकृतीला वैज्ञानिक उपकरणाचे रूप आले. विल्यम फ्रूड यांनी १८७२ मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे पाण्याची लांब टाकी उभारून जहाजांचे नमुने त्यातून ओढण्याचे प्रयोग केले. नमुन्याला होणाऱ्या विरोधावरून प्रत्यक्ष जहाजाला होणाऱ्या विरोधाचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची जहाजे ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेत १:१२०० प्रमाणातील नौका-प्रतिकृतींचा वापर झाला. अशा प्रकारे आराखडा, प्रयोग आणि प्रशिक्षण या तिन्ही क्षेत्रांत प्रतिकृतीने काम केले आहे.

'यामातो'च्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षणीय ठरते. तिच्या तळाचा आकार निश्चित करण्यापूर्वी जपानी नौदलाच्या संशोधन संस्थेत अनेक नमुन्यांवर टाकीतील चाचण्या झाल्या होत्या. नाळेच्या पाण्याखालील भागास दिलेला फुगीर, पुढे आलेला आकार या चाचण्यांतूनच पक्का झाला. याचा अर्थ असा की, प्रतिकृती या नौकेच्या आधीही होती आणि नौका बुडाल्यानंतरही तिच्याविषयीचे ज्ञान पुन्हा प्रतिकृतींमध्येच साकार झाले.

कागद हरवलेली नौका

'यामातो'ची बांधणी कुरे येथील नौदल कारखान्यात ४ नोव्हेंबर १९३७ रोजी सुरू झाली. ८ ऑगस्ट १९४० रोजी तिचे जलावतरण झाले आणि १६ डिसेंबर १९४१ रोजी ती नौदलात दाखल झाली. लांबी २६३ मीटर, कमाल रुंदी ३८.९ मीटर, पूर्ण भाराचे वजन सुमारे ७२,००० टन आणि ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा ही तिची ठळक परिमाणे होत. यापेक्षा मोठ्या व्यासाच्या तोफा असलेली दुसरी युद्धनौका त्या महायुद्धात नव्हती.

तिच्या बांधणीत कमालीची गुप्तता पाळली गेली. गोदीभोवती आडोसे उभारले गेले आणि गोदीच्या काही भागावर छप्पर घालण्यात आले. तोफांचा खरा व्यास लपवण्यासाठी सरकारी कागदपत्रांतही त्यांचा उल्लेख ४० सेंटिमीटरच्या तोफा असाच केला जाई. म्हणजे या प्रकरणात अस्सल कागददेखील खोटे बोलतो. केवळ समकालीन व अधिकृत म्हणून एखाद्या साधनावर विसंबणाऱ्या अभ्यासकाला हा एक सूचक इशाराच आहे.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागतीची घोषणा केली. दोस्त राष्ट्रांच्या फौजा येण्यापूर्वी लष्करी कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर जाळण्यात आली. नौकेचे आराखडे, छायाचित्रे आणि नोंदी यांचा फार मोठा भाग या आगीत गेला. जे वाचले ते काही अभियंत्यांनी व अधिकाऱ्यांनी जपल्यामुळे वाचले. नौदलातील जहाजबांधणी अधिकारी शिझुओ फुकुई यांनी युद्धोत्तर काळात जपानी युद्धनौकांची छायाचित्रे व कागदपत्रे चिकाटीने गोळा केली. अमेरिकी नौदलाच्या तांत्रिक पथकाने १९४५-४६ मध्ये जपानी अभियंत्यांची चौकशी करून अहवाल तयार केले. १९५० च्या दशकात, या नौकेच्या आराखड्याशी संबंधित असलेले कितारो मात्सुमोतो यांनी तिच्या बांधणीविषयी पुस्तक लिहिले. १९८८ मध्ये यानुश स्कुल्स्की यांचे तपशीलवार रेखाचित्रांचे पुस्तक लंडन येथे प्रसिद्ध झाले. प्रतिकृतीकारांच्या हाती असलेली सामग्री ही अशी तुकड्यातुकड्यांनी जमा झालेली आहे.

बांधणीची पद्धती

प्रतिकृतीची सुरुवात प्रमाण ठरवण्यापासून होते. २६३ मीटर लांबीची नौका १:७०० प्रमाणात साधारण ३८ सेंटिमीटरची, १:३५० प्रमाणात ७५ सेंटिमीटरची, १:२०० प्रमाणात १३१.५ सेंटिमीटरची आणि १:१०० प्रमाणात २.६३ मीटरची होते. लांबी प्रमाणाच्या पटीत घटते, वजन मात्र घनाच्या पटीत घटते. त्यामुळे १:२०० प्रमाणातील प्रतिकृती पाण्यावर योग्य रेषेपर्यंत बुडायची असेल, तर तिचे वजन सुमारे ९ किलोग्रॅम असावे लागते.

त्यानंतर नौकेच्या बाह्याकाराचा रेषा-आराखडा घेतला जातो. त्यात बाजूचे, वरचे व आडव्या छेदांचे अशी तीन दृश्ये असतात. आडव्या छेदांच्या आकाराच्या बरगड्या प्लायवूडमधून कापून लांब कण्यावर ठरावीक अंतराने बसवल्या जातात. बरगड्यांमधील पोकळी मऊ लाकडाने भरून किंवा त्यांवर पातळ पट्ट्या चिकटवून पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला जातो. याच टप्प्यावर आराखड्यातील चुका उघडकीस येतात. कागदावर तिन्ही दृश्ये परस्परांशी जुळत असल्याचा भास होतो. परंतु एखाद्या छेदाची रुंदी वरच्या दृश्यातील रुंदीशी जुळत नसेल, तर पट्टी तेथे उचलली जाते अथवा खोलगट बसते. येथे साधनांमधील विसंगती बोटांना जाणवते.

पुढे वरची बांधकामे, तोफांचे बुरूज, मनोरा, धुराडे आणि डोलकाठी घडवली जाते. तोफांच्या नळ्या लेथवर पितळ कातून केल्या जातात. कठडे, शिड्या आणि रडारच्या जाळ्या यांसाठी आम्लाने कोरलेला पातळ पितळी पत्रा वापरतात. साडेपाच फूट उंचीचा खलाशी १:२०० प्रमाणात जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा होतो. त्याच्या कमरेपर्यंत येणारा कठडा कसा असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

साधनांची प्रतवारी

या कामात वापरल्या जाणाऱ्या साधनांचे स्थूलमानाने पाच वर्ग करता येतात.

पहिला वर्ग मूळ आराखड्यांचा. हे साधन सर्वांत विश्वसनीय वाटते. तथापि आराखडा नौका कशी बांधावयाची होती हे सांगतो. ती प्रत्यक्षात कशी बांधली गेली किंवा नंतर कशी बदलली, हे तो सांगेलच असे नाही.

दुसरा वर्ग छायाचित्रांचा. 'यामातो'ची जवळून घेतलेली स्पष्ट छायाचित्रे मोजकीच आहेत. २० सप्टेंबर १९४१ रोजी कुरे येथे अखेरची कामे चालू असताना घेतलेले आणि ३० ऑक्टोबर १९४१ रोजी सुकुमो उपसागराजवळ सागरी चाचणीच्या वेळी घेतलेले, अशी दोन छायाचित्रे सर्वपरिचित आहेत. ऑक्टोबर १९४४, मार्च १९४५ आणि एप्रिल १९४५ मधील बरीच छायाचित्रे अमेरिकी विमानांतून घेतलेली आहेत. नौकेचे उशिराचे रूप आज प्रामुख्याने तिच्यावर हल्ला करणाऱ्यांच्या कॅमेऱ्यातून कळते, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल. छायाचित्रावरून मोजमाप काढण्यासाठी लांबी निश्चितपणे ठाऊक असलेली वस्तू पट्टीसारखी वापरली जाते. 'यामातो'च्या मनोऱ्यावरील अंतरमापक यंत्राची लांबी १५ मीटर होती. त्याच्याशी तुलना करून शेजारच्या भागांचे माप काढता येते. मात्र दूरच्या वस्तू लहान दिसतात, हा दोष हिशेबात धरला नाही तर निष्कर्ष चुकतो.

तिसरा वर्ग भगिनी-नौकेवरून केलेल्या अनुमानाचा. 'मुसाशी' ही त्याच आराखड्यावर नागासाकी येथे बांधलेली नौका होती. म्हणून एकीवरून दुसरीचे तपशील भरण्याचा मोह होतो. १९४४ मध्ये दोन्ही नौकांच्या बाजूंचे १५.५ सेंटिमीटर तोफांचे बुरूज काढण्यात आले. 'यामातो'वर त्या जागी १२.७ सेंटिमीटरच्या विमानविरोधी तोफा बसल्या, तर 'मुसाशी'वर २५ मिलिमीटरच्या तोफा बसल्या. येथे साधर्म्यावरून काढलेले अनुमान सपशेल खोटे ठरते.

चौथा वर्ग वाचलेल्या खलाशांच्या व अभियंत्यांच्या आठवणींचा. कोणती तोफ कोठे होती, तिच्याभोवती संरक्षक भिंत होती की नव्हती, यांसारख्या बाबतीत या आठवणी मोलाच्या ठरतात. पण माणूस स्वतःच्या जागेभोवतीचे पाहतो. २६३ मीटरच्या नौकेवरील एका कोपऱ्याची आठवण म्हणजे संपूर्ण नौकेची आठवण नव्हे.

पाचवा वर्ग बुडालेल्या अवशेषांचा. १९८५ मध्ये पूर्व चिनी समुद्रात सुमारे ३५० मीटर खोलीवर सापडलेले अवशेष 'यामातो'चेच असल्याची खात्री पटली. नौका दोन मुख्य भागांत तुटलेली असून तिचा मागील भाग उलटा पडला आहे. १९९९ मध्ये आणि पुढे २०१६ मध्ये या अवशेषांची पुन्हा पाहणी झाली. नाळेवरील शेवंतीच्या फुलाचे राजचिन्ह या संदर्भात उद्बोधक आहे. पूर्वीच्या आराखड्यांत व प्रतिकृतींत त्याचा व्यास सुमारे १.५ मीटर धरला जाई. १९९९ च्या पाहणीत तो सुमारे १ मीटर असल्याचे दिसून आले. १:२०० प्रमाणात हा फरक केवळ अडीच मिलिमीटरचा आहे. पण या अडीच मिलिमीटरसाठी अनेक प्रतिकृतींच्या नाळा चुकीच्या ठरल्या. एकाने केलेला अंदाज दुसऱ्याने प्रमाण मानला आणि पुनरावृत्तीमुळे त्याला पुराव्याची प्रतिष्ठा मिळाली. ग्रंथांवरून ग्रंथ लिहिण्याच्या परंपरेत हीच चूक वारंवार घडते, हे अभ्यासकांना सांगावयास नकोच.

रंगाचा प्रश्न तर याहून अवघड आहे. बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल असल्याने त्यांवरून रंगछटा ठरवता येत नाही. जपानच्या निरनिराळ्या नौदल कारखान्यांत वापरला जाणारा राखाडी रंग एकसारखा नव्हता. शिवाय लहान आकाराच्या वस्तूवर मूळचाच रंग दिला, तर तो डोळ्यांना अधिक गडद भासतो. म्हणून अनेक प्रतिकृतीकार तो किंचित फिकट करतात. अचूकतेसाठी मुद्दाम केलेली ही तडजोड होय.

नौका कोणत्या दिवसाची?

साधने गोळा झाल्यानंतर प्रतिकृतीकारापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : ही नौका कोणत्या दिवसाची? १९४१ मध्ये 'यामातो'वर १५.५ सेंटिमीटर तोफांचे चार बुरूज, १२.७ सेंटिमीटरच्या बारा विमानविरोधी तोफा आणि २५ मिलिमीटरच्या तोफांच्या चोवीस नळ्या होत्या. डिसेंबर १९४३ मध्ये 'स्केट' या अमेरिकी पाणबुडीच्या पाणतीराने तिला इजा झाली. त्यानंतरच्या दुरुस्तीच्या काळात बुरूज दोनच राहिले व १२.७ सेंटिमीटरच्या तोफा चोवीस झाल्या. एप्रिल १९४५ पर्यंत २५ मिलिमीटरच्या नळ्यांची संख्या दीडशेच्या वर गेली होती. नेमका आकडा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

तारीख निश्चित न करता केलेली प्रतिकृती निरनिराळ्या वर्षांचे तपशील एकत्र करते. ती कितीही सुबक असली, तरी तशी नौका कोणत्याही दिवशी समुद्रावर नव्हती. उलट तारीख निश्चित केली की, प्रतिकृती आपोआप एक ऐतिहासिक विधान होते. चोवीस नळ्यांपासून दीडशेहून अधिक नळ्यांपर्यंतचा प्रवास हा सागरी युद्धाच्या बदललेल्या स्वरूपाचाच आलेख आहे. शत्रूच्या युद्धनौकांशी तोफांनी लढण्यासाठी बांधलेली ही नौका अखेरीस आकाशाकडे तोंड करून उभी राहिली. ही गोष्ट ग्रंथात एका वाक्यात सांगता येते. प्रतिकृतीत मात्र नौकेच्या मध्यभागी तोफांसाठी जागा शोधता शोधता दाटीवाटी कशी वाढत गेली, हे प्रत्यक्ष दिसते.

प्रमाणात न मावणारे

२३ एप्रिल २००५ रोजी कुरे येथे नगराचे सागरी इतिहास संग्रहालय सुरू झाले. तेथील मुख्य आकर्षण म्हणजे 'यामातो'ची १:१० प्रमाणातील, २६.३ मीटर लांबीची प्रतिकृती होय. आराखडे, छायाचित्रे आणि अवशेषांच्या पाहणीतील चित्रफिती यांच्या आधारे ती घडवली गेली. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक लोकांनी संग्रहालयास भेट दिली. त्याच वर्षी ओनोमिची येथे एका चित्रपटासाठी नौकेच्या पुढील भागाची पूर्णाकृती उभारण्यात आली होती.

या लोकप्रियतेबरोबर एक प्रश्नही येतो. प्रतिकृती ज्या नौकेचे दर्शन घडवते, तिचा शेवट ७ एप्रिल १९४५ रोजी झाला. आदल्या दिवशी ती ओकिनावाच्या दिशेने निघाली होती. तिच्यासोबत 'याहागी' ही क्रूझर आणि आठ विनाशिका होत्या. हवाई संरक्षण जवळजवळ नव्हते आणि परत येण्याची अपेक्षाही नव्हती. अमेरिकी विमानांच्या लागोपाठच्या हल्ल्यांत ती दुपारी उलटली व स्फोट होऊन बुडाली. तिच्यावरील तीन हजारांहून अधिक माणसांपैकी तीनशेहूनही कमी वाचली.

पोलादी पट्ट्याची ४१० मिलिमीटर जाडी १:१० प्रमाणात ४१ मिलिमीटर होते. तीन हजार मृत्यूंना असे प्रमाण लावता येत नाही. चकचकीत, निर्जन डेक पाहणाऱ्याचे लक्ष यंत्राच्या भव्यतेकडे जाते आणि यंत्र चालवणारी माणसे नजरेआड होतात. या नौकेवरून वाचलेले तरुण अधिकारी मित्सुरू योशिदा यांनी युद्ध संपल्यावर लवकरच आपला अनुभव लिहून काढला. दोस्त राष्ट्रांच्या ताब्याच्या काळात त्याच्या प्रकाशनास अटकाव झाला आणि १९५२ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. योशिदा यांचे लेखन आणि रेषा-आराखडा ही एकाच वस्तूविषयीची दोन साधने आहेत. प्रतिकृती दुसऱ्यावर उभी राहते. पहिल्याची जागा ती घेऊ शकत नाही.

तथापि यावरून प्रतिकृती ही केवळ युद्धाचे उदात्तीकरण करणारी वस्तू आहे, असा निष्कर्ष काढणे एकांगी ठरेल. सैल व ढोबळ प्रतिकृती दंतकथेला पोसते. काटेकोर प्रतिकृती दंतकथेला हळूहळू मागे सारते. एप्रिल १९४५ ची तारीख प्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्या प्रतिकृतीकाराला प्रत्येक लहान तोफेची जागा निश्चित करावी लागते. त्यांपैकी अनेक तोफा उघड्या डेकवर, फारशा आडोशाशिवाय होत्या. प्रत्येक तोफेभोवती माणसांचा एक गट होता. तपशिलाचा आग्रह धरणारा कारागीर अशा रीतीने त्या माणसांच्या उभे राहण्याच्या जागेपर्यंत पोहोचतो. त्यापुढे त्याला नेणारे साधन म्हणजे साक्ष. आराखडा तेथे संपतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. कच्च्या साहित्यातून घडवलेली प्रतिकृती ही साधनांची जुळणी करून केलेली पुनर्रचना असते. त्या अर्थाने ती इतिहासलेखनाचाच एक प्रकार होय.

२. प्रतिकृतीत पुराव्यातील पोकळी रिकामी ठेवता येत नाही. म्हणून कोणता भाग पुराव्यावर आणि कोणता अनुमानावर आधारलेला आहे, याची नोंद प्रतिकृतीसोबत ठेवणे आवश्यक आहे. अशी नोंद नसलेली प्रतिकृती पुढील अभ्यासकाची दिशाभूल करू शकते.

३. अधिकृत कागद, छायाचित्र, साधर्म्य, आठवण आणि अवशेष यांपैकी कोणतेही साधन स्वयंपूर्ण नाही. राजचिन्हाच्या व्यासाचे उदाहरण दर्शवते की, सर्वमान्य झालेले मापही तपासून पाहावे लागते.

४. तारीख निश्चित करणे ही प्रतिकृतीची पहिली शिस्त आहे. तारखेमुळे वस्तूला काळ मिळतो आणि काळामुळे माणसांचा संदर्भ मिळतो.

५. प्रतिकृतीची मर्यादा मानवी अनुभवाच्या सीमेवर सुरू होते. संग्रहालयात ती वाचलेल्यांच्या साक्षींसोबत मांडली गेली, तरच तिचा अर्थ पूर्ण होतो.

कुरे येथे आगीत गेलेले कागद परत येणार नाहीत. त्यांच्या अभावी या नौकेचे जे रूप आज आपल्यापुढे आहे, ते अनेक अभियंते, संग्राहक, पाणबुडे आणि कारागीर यांनी एकमेकांच्या चुका सुधारत उभे केलेले आहे. ते अंतिम नाही. पुढची पाहणी त्यातील आणखी एखादे माप बदलेल, तेव्हा प्रतिकृतीचा तो भाग सोडवून नव्याने बसवावा लागेल. अशा दुरुस्तीची तयारी ठेवणारा कारागीर इतिहासकाराच्याच पंक्तीत बसतो.